केसर पांढरं असेपर्यंत

सकाळी साडेआठला यंत्रानं निकाल दिला. तीन नंबरच्या हाऊसमधलं पीक तयार आहे, आज चारला कापणी लावा. खाली नेहमीचं हिरवं बटण होतं, ‘मान्य’. त्या बटणावर बोट टेकवणं एवढंच काम सुमित्रा कामठेला उरलं होतं. गेली तीन वर्षं ती ते बिनतक्रार करत आली होती, मनातल्या मनात यंत्राला चार शब्द सुनावून का होईना. आज मात्र बोट पडद्यापाशी जाऊन थांबलं.

पाचवा आठवडा होता. हे वाण आठ आठवडे घेतं. लवकर म्हणजे सात, अगदीच घाई केली तर साडेसहा. पाच आठवड्यांत तयार व्हायला ती काय मेथी होती?

“सुमित्राताई, बघितलंत ना?” मुजावर मॅडम आत आल्या. डॉक्टर आफरीन मुजावर केंद्राच्या प्रमुख, मूळच्या मिरजेच्या, वयानं सुमित्रापेक्षा दहा वर्षांनी लहान. आज त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. “तीन आठवडे आधी. सगळीकडे तेलाचा तुटवडा आणि आपलं पीक आधी. मुख्य कार्यालयातून दोनदा फोन आला. तुमचं मान्य पडलं की गाडी निघते.”

“एकदा आत जाऊन येते,” सुमित्रा म्हणाली.

“आत काय बघणार? यंत्रानं चार लाख केसरं मोजलीत.”

“सवय आहे, मॅडम.”

मॅडम हसल्या आणि निघून गेल्या. सुमित्राच्या सवयींना केंद्रात सगळेच हसत.

सासवडच्या पुढं, पठारावर, हे औषधी भांगेचं केंद्र उभं राहून सात वर्षं झाली होती. चार बंदिस्त पॉलीहाऊस, प्रत्येकाला दोन दारं, दारांच्या मध्ये वाऱ्याचा झोत, आणि आत जाणाऱ्यानं अंगावरचं सगळं उतरवून केंद्राचे कपडे घालायचे असा दंडक. इथल्या झाडांपासून फिट येणाऱ्या मुलांसाठी तेल निघे. इतर कुठल्याच औषधाला दाद न देणारी मुलं होती ती.

भांगेत नराचं झाड वेगळं आणि मादीचं वेगळं. केंद्रात सगळ्या माद्याच. मादीच्या फुलाला पाकळ्या नसतात. एका इवल्या हिरव्या कोशातून दोन पांढरे केस बाहेर डोकावतात, तेवढंच फूल. शाळेच्या पुस्तकात त्याला स्त्रीकेसर म्हणतात, केंद्रात नुसतंच केसर. त्या केसांचं काम एकच, वाऱ्यावरून येणारा नराचा पराग पकडणं. पराग आला नाही की झाड आणखी केसर काढतं, आणखी वाट बघतं, आणि वाट बघता बघता कोशावर राळेचे थेंब साठवत जातं. औषध असतं त्या राळेत. म्हणजे औषधी भांगेची सगळी शेती ही झाडाला वाट बघायला लावायची शेती. शेवटी केसर दमतं. टोकाकडून तांबूस होत खाली येतं आणि आत वळतं. शंभरातली सत्तर केसरं अशी वळली की राळ पुरती भरली असं समजायचं आणि कापणी करायची.

पूर्वी हे मोजायला अकरा बायका होत्या. प्रत्येकीला केंद्रानं एक घडीचं भिंग दिलेलं. दिवसभर झाडावर वाकायचं, केसर मोजायचं, रंग लिहायचा. मग केसरवाचक हे यंत्र आलं. छताखालच्या रुळावरून फिरणारे कॅमेरे दर तासाला प्रत्येक झाडाचं प्रत्येक केसर बघू लागले. पहिली दोन वर्षं यंत्राचा आकडा आणि प्रयोगशाळेत राळ तपासून आलेला आकडा शेजारी शेजारी मांडले, तर फरक म्हणून पडेना. तेव्हा प्रयोगशाळेची पायरीच गाळली. आता यंत्राच्या आकड्यावरून तेल किती पातळ करायचं ते ठरे आणि बाटल्या थेट मुलांच्या घरी जात. दहा बायका दुसऱ्या कामांना लागल्या. उरली सुमित्रा, आणि तिचं बटण.

तिनं भिंग परत केलं नव्हतं. मागितलंही नव्हतं कुणी. रोज कॅमेरे फेरी संपवून कोपऱ्यातल्या घरात विसाव्याला गेले की वीस मिनिटं मोकळी सापडत. तेवढ्यात ती हातमोज्यात लपवलेलं भिंग काढून तीस-चाळीस झाडं बघून घेई. नियमाच्या बाहेरचं होतं ते, पण त्यावाचून तिला चैन पडत नसे. आपण बघितलेलं तेवढंच खरं, अशी तिची धारणा होती.

गेला आठवडाभर बाहेरच्या कामांत तिला ती वेळ सापडली नव्हती, आज ती गेली. तिसऱ्या ओळीत तिचं एक लाडकं झाड होतं, लहानपणीच खोडात मोडून पुन्हा सावरलेलं. ती त्याला वाकडी म्हणे. वाकडीच्या शेंड्यावर तिनं भिंग धरलं आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. केसर तांबूस होतं खरं, पण टोकाकडून दमत आलेलं नव्हतं. मुळापासून शेंड्यापर्यंत एकदमच करपून आखडलं होतं. खालचा कोश टम्म फुगलेला. तिनं तो नखानं फोडला. आत हिरवट पांढरा, ओला दाणा होता.

बी धरलं होतं. झाडाची वाट बघणं संपलं होतं. पराग मिळाला की केसराचं काम सरतं, ते दोन-तीन दिवसांत सुकतं, आणि झाड राळेचा नाद सोडून बी पोसायला लागतं. यंत्र बिचारं बंद हाऊसमध्येच शिकलेलं. पराग लागलेलं केसर त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. त्याला तांबूस म्हणजे पिकलेलं, एवढंच ठाऊक. सत्तर टक्के तांबूस, म्हणून पीक तयार.

चार केसरं तिनं काचपट्टीवर घेतली आणि बाहेरच्या खोलीतल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरली. चिकट केसांवर गोल, गुळगुळीत कण होते. नर भांगेचा पराग. त्यांच्याच शेजारी दुसराच एक कण चिकटला होता, अंगभर काटे असलेला. हा ओळखायला तिला पुस्तक लागलं नाही. तिच्या घरी दोन एकर झेंडू होता.

तेवढ्यात फोन वाजला. पुण्याहून धाकटी बहीण, शालन.

“ताई, काम चाललंय का? एकच विचारायचं होतं. ओवीची बाटली अकरा दिवस पुरेल. पुढची वेळेवर येईल ना? बाटली आणून देणारा म्हणतो, सांगता येत नाही.”

ओवी शालनची मुलगी, नऊ वर्षांची. हे तेल सुरू होण्याआधी तिला दिवसाला वीस-वीस फिट यायच्या. गेले चौदा महिने एकही नव्हती. मागच्या महिन्यात ती सायकल शिकली.

“तुमच्या तीन नंबरचं पीक येतंय म्हणे लवकर,” शालन म्हणाली. “म्हणजे काळजी नाही ना?”

“बघते,” सुमित्रा म्हणाली. “नंतर बोलू.”

फोन ठेवल्यावर तिला बसवेना. बटण दाबलं तर अकराव्या दिवशी बाटली येईल, पण तेल निम्म्या जोराचं असेल आणि बाटलीवर पुऱ्या जोराचा शिक्का. ओवीला पुन्हा फिट येतील. डॉक्टर म्हणतील, हे औषध आता हिला लागू पडत नाही, आणि ते कायमचं बंद करतील. एकट्या ओवीचंच नव्हे, यादीतल्या चारशे मुलांचं तेच. न दाबलं तर बाटलीच नाही. पुढचं पीक यायला नऊ आठवडे, तोवर जुनी गुंगीची गोळी. दोन्हीकडून तिचंच माणूस अडकलेलं.

पण आधी हे केलं कुणी? तिच्या डोळ्यांपुढं संपतअण्णा आले.

संपतअण्णा केंद्रातले सगळ्यात जुने कामगार, छाटणीचे. बारा दिवसांपूर्वी खंडेनवमी झाली. त्या दिवशी अवजारांची पूजा चुकवायची नाही हे इकडचं रक्तातच आहे. नांगर, विळा, ट्रॅक्टर, लॅपटॉप, सगळ्याला हळदकुंकू आणि झेंडू. अण्णांनी केसरवाचकाच्या बाहेरच्या पेटीला हातभर माळ घातली होती, आणि मॅडमनीही हसून नारळ फोडू दिला होता.

अण्णा चहाच्या शेडमध्ये बशी पुसत बसले होते.

“अण्णा, खरं सांगा. झेंडू आत नेला होता का?”

“न्हाई.”

“एखादं फूल? खिशात राहिलेलं?”

“बाई, तीस वरीस शेतातली कामं केल्याती म्या,” अण्णांनी बशी खाली ठेवली. “माळ बाहेरच्या पेटीला घातली, ती दुसऱ्या दिशी काढून गाईला टाकली. आत दोरासुदीक न्हेला न्हाई.”

“फुलाचा कण सापडलाय मला. आत. कुणीतरी नेलाच आहे. तुमच्यामुळं सगळं हाऊस गेलं, अण्णा. चारशे पोरांचं औषध गेलं.”

आवाज जरा जास्तच चढला होता. शेडमधल्या दोघी-तिघी उठून बाहेर गेल्या. अण्णांनी बशी उचलून पुन्हा पुसायला घेतली. रागावले नव्हते, आठवत होते.

“माझी कात्री म्या घरी पुजली,” ते म्हणाले. “पर आतली कात्री येगळी, ती आतच ऱ्हाती. भाईरचं अवजार आत जातंय कुणाचं? कुणाचंच न्हाई.” मग सहज, काही मनात न ठेवता, त्यांनी विचारलं, “तुमचं भिंग तेवढं घरी न्हेता तुम्ही. त्याची केली का न्हाई पूजा?”

सुमित्रानं उत्तर दिलं नाही.

केली होती. खंडेनवमीला, देवघरापुढच्या पाटावर. दिनकरनं, तिच्या नवऱ्यानं, शेतातून टोपलीभर झेंडू आणला होता. तिनं भिंगाच्या घडीवर कुंकवाचं बोट लावलं, वर एक टपोरं फूल ठेवलं, आणि मनात म्हणाली होती, तुला लोक विसरले तरी मी नाही विसरले. दसरा झाल्यावर फूल काढलं, भिंग कापडाच्या पिशवीत घातलं आणि कामावर आली. पुसलं नव्हतं. पूजेचं कुंकू कोण पुसतं?

तरी मन मानेना. झेंडूचा कण झेंडूच्या फुलावरचा, पण नर भांगेचा पराग कुठून येईल? हाऊसच्या पंख्यांतून आला असेल, वाऱ्यानं आला असेल. ती परत पडद्यापाशी आली आणि यंत्राला तिनं तीन वर्षांत न विचारलेली गोष्ट विचारली. सगळ्यात आधी कुठलं केसर तांबूस झालं, दिवसावार दाखव.

यंत्रानं हाऊसचा नकाशा काढला आणि त्यावर लाल ठिपके ठेवत गेलं. पंख्यांतून आला असता तर ठिपके पंख्यांपुढं पसरले असते. पहिल्या दिवशीचे ठिपके दारातून निघाले. डावीकडे वळले. पाण्याची टाकी चुकवून पुढं गेले, तिसऱ्या ओळीत शिरले, तिथून माघारी फिरून सातवीला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच, थोडे रुंद. तिसऱ्या दिवशी पुन्हा, आणि तिथून पुढं आतल्या वाऱ्याबरोबर हाऊसभर. वाकडीभोवती सगळ्यात दाट.

ती तिच्या पायांची वाट होती. ती जिथं जिथं वाकली होती, जिथं जिथं तिनं भिंग केसरापासून बोटभर अंतरावर धरलं होतं, तिथं तिथं. आणि ज्या कोपऱ्यात कॅमेऱ्यांचं घर होतं, जिथून ताजी हवा आत येई, जिथं पकडले जाऊ म्हणून ती कधी फिरकली नव्हती, तिथली बावन्न झाडं पांढरीशुभ्र होती.

सुमित्रानं पडदा बंद केला. मग तिनं मागचं पुढचं न बघता स्कूटर काढली आणि घर गाठलं.

दिनकर गोठ्यात होता.

“अहो, झेंडूच्या बांधावर भांगेचं झाड आहे का?”

“हाय की एक. का?”

“नर?”

“नरच. बिनकामाचा. गाईचं पोट फुगलं की पाला घालतो तिला. आपसूक उगवलंय.”

“मला सांगायचं नाही?”

“त्यात काय सांगायचं? तुझी ती मादी, औषधाची. ह्याला काय नशा न्हाई का काय न्हाई.” तो तिच्या चेहऱ्याकडं बघून थांबला. “काय झालं? उपटू का?”

“पूजेची फुलं कुठून तोडली होती?”

“तिथनंच, बांधाकडची. तिकडं मोठी येत्यात.”

ती बांधावर गेली. झाड तिच्या खांद्याला लागत होतं. फुलोरा सरत आला होता, तरी तिनं फांदीला बोट लावलं तशी पिवळसर धूळ तिच्या बाहीवर उतरली. असल्या चिमूटभर धुळीत हजारो कण असतात, हे तिनंच नव्या पोरींना शिकवलं होतं. ती धूळ झेंडूवर, झेंडू भिंगावर, भिंग वाकडीवर. यात दिनकरचा काय दोष? तो अडाणीपणानं वागला होता. ती मात्र सगळं जाणून, लपवून, रोज.

घरी येऊन तिनं डोक्यावरून पाणी घेतलं, कपडे बदलले, आणि भिंग पॉलिथिनच्या पिशवीत बांधून घेतलं. साडेतीन वाजले होते.

केंद्रात कापणीची माणसं कपडे बदलून तयार उभी होती. संपतअण्णा त्यांच्यात नव्हते. ते शेडमध्ये एकटेच बसले होते आणि दुपारच्या चहाला त्यांना कुणी बोलावलंही नव्हतं. अण्णांनी फूल आत नेलं, एवढंच तासाभरात सगळ्या केंद्रात झालं होतं; पीक गेल्याचं यंत्राच्या आकड्यापुढं कुणी खरं धरलं नव्हतं. सुमित्राला ते सगळ्यात जास्त लागलं. हिरवं बटण दाबलं तर भिंगाचं कुणालाही काही कळणार नव्हतं. अण्णांवरचा आळ तेवढा राहिला असता, आणि लोक दोन महिन्यांत तोही विसरले असते.

तिनं ‘अमान्य’ दाबलं. ते बटण कधी कुणी दाबलंच नव्हतं, त्यामुळं यंत्र क्षणभर घुटमळलं आणि त्यानं कारण मागितलं. तिनं लिहिलं: पराग लागला आहे. बी धरलं आहे. पराग सुमित्रा दिनकर कामठे हिच्या भिंगावरून आला.

मग ती मुजावर मॅडमच्या खोलीत गेली आणि पिशवी टेबलावर ठेवली. मॅडमनी नकाशा बघितला, काचपट्टी बघितली, दाणा बघितला. किती तरी वेळ त्या चष्मा पुसत राहिल्या.

“हे यंत्राला कधीच कळलं नसतं,” त्या शेवटी म्हणाल्या. “भिंगाशिवाय तुम्हालाही नाही.”

“भिंग नसतं तर हे झालंही नसतं, मॅडम.”

“तुमची भाची आहे ना यादीत?”

“आहे.”

“त्या बावन्न झाडांचं तेल निघेल. तेरा-चौदा मुलांना पुरेल. ज्यांना जास्त त्रास त्यांना आधी, असा नियम आहे. ओवी...”

“ती आता बरी आहे,” सुमित्रा म्हणाली. “तिचा नंबर नाही लागायचा. मला ठाऊक आहे.”

मॅडमनी भिंगाची पिशवी कपाटात ठेवली आणि कुलूप घातलं. हाऊसमध्ये सुमित्राचं पाऊल आता पडणार नव्हतं. चौकशी होईपर्यंत तिनं बाहेरच्या खोलीत बसायचं आणि यंत्राला शिकवायचं. हजारो चित्रं होती. हे केसर दमलेलं, हे पराग लागलेलं. हे दमलेलं, हे लागलेलं. तिनं सांगितल्यावाचून ते त्याला कुणी सांगू शकत नव्हतं.

त्या खोलीत जायच्या आधी ती शेडमध्ये गेली.

“अण्णा, भिंगच होतं.”

“वाटलंच मला,” अण्णा म्हणाले. “तुम्ही उत्तर दिलं न्हाई तवाच.” त्यांनी तिच्यासाठी चहा ओतला, पण नेहमीसारखं बसा म्हणाले नाहीत. तिनं उभ्यानंच प्यायला.

शालनला तिनं त्याच संध्याकाळी फोन करून सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता.

“चौदा महिने, ताई,” शालन म्हणाली. “चौदा महिने.” आणि फोन ठेवला.

दोन आठवडे तिचा फोन आला नाही. सुमित्रानं रोज केला, शालननं उचलला नाही. सुमित्रा सकाळी जाऊन बसे आणि चित्रांना नावं देत राही. मान दुखे, डोळे चुरचुरत, आणि हात सारखे खिशात जात, तिथं नसलेलं भिंग चाचपायला. चित्रं संपत आली की ती काचेच्या भिंतीपाशी जाऊन उभी राही. वाकडी कापून नेली होती. लांब कोपऱ्यात बावन्न झाडं तेवढी उभी होती. इतक्या लांबून केसर दिसत नसे. बघायचं झालं तर यंत्राच्याच डोळ्यांनी बघावं लागे.

एका दुपारी फोन वाजला. शालनचा नंबर होता, आवाज ओवीचा. शब्द जड, एकेक ओढून आणल्यासारखा. जुन्या गोळीची ती गुंगी सुमित्राला चांगली ठाऊक होती.

“मावशी, आई म्हणाली माझी बाटली तुझ्याकडून बिघडली.”

“हो, बाळा. माझ्याकडून.”

“पण थोडी झाडं चांगली आहेत ना?”

“आहेत. पण ती आधी दुसऱ्या मुलांना. त्यांना खूप त्रास आहे.”

“मला जेवढा होता तेवढा?”

“तेवढाच.”

ओवी थोडा वेळ नुसता श्वास घेत राहिली. झोप लागली की काय, असं सुमित्राला वाटलं.

“मग त्यांची तरी पिकली का?”

सुमित्रानं पडद्याकडं बघितलं. कोपऱ्यातल्या एका शेंड्याचं चित्र होतं, मोठं केलेलं. यंत्रानं त्याखाली एकतीस टक्के तांबूस असं लिहिलं होतं. तिनं एकेक केस मोजला. शंभरात एकतीसच भरले.

“नाही. अजून पांढरी आहेत.”

“बरं,” ओवी म्हणाली. “मग तोवर मी झोपते.”

फोन चालूच राहिला. पलीकडं कुणीतरी तो ओवीच्या हातून काढून घेतला, पण बंद केला नाही. श्वास शालनचा होता. सुमित्रानं फोन तसाच कानाशी धरून पुढचं चित्र समोर घेतलं.